चौदा रविवार

ती ओळ सातव्या पानावर होती, वरून अकरावी. ओर्नेल्लाने सवयीने ओळीखाली पट्टी धरली होती म्हणून ती दिसली, एरवी दिसली नसती. छापखान्यात जेवणाच्या सुट्टीत यंत्रं थांबली की कानांत मघाचीच घरघर थोडा वेळ उरायची. त्या उरलेल्या घरघरीत ती आपल्या टेबलाशी बसून दोन कागद शेजारी शेजारी ठेवून वाचत होती. डावीकडे कोलंबियाहून आलेली मूळ फाइल, स्पॅनिशमधली. उजवीकडे तुरीनच्या दत्तक संस्थेने करून दिलेला इटालियन गोषवारा. तो गोषवारा तिने आणि इवानोने आठ दिवसांत इतक्यांदा उलगडला होता की घड्यांवर फाटायला आला होता. मूळ फाइल वाचायची काही गरजच नव्हती. पण एकोणीस वर्षं औषधांच्या खोक्यांतली पत्रकं तपासण्यात गेल्यावर, मूळ प्रत समोर असताना ती न ताडता बाजूला ठेवणं तिला जमेना. आणि स्पॅनिश म्हणजे घरचीच चुलत भाषा. तीन शब्दांतले दोन कळायचे, तिसरा अंदाजाने. गोषवाऱ्यात लिहिलं होतं: आईने सुरुवातीला अनियमित भेटी दिल्या, पुढे संपर्क तोडला. मुळात लिहिलं होतं: जन्मदात्री सलग चौदा रविवार भेटीस आली. पंधराव्या रविवारपासून आली नाही.

सलग. तिने पट्टी हलवली नाही. हाताने मात्र आपलं काम करून टाकलं होतं. समासात पेन्सिलीची छोटी खूण उमटली होती, इथे मजकूर गळाला आहे, असं अक्षरं जुळवणाऱ्याला सांगणारी. आपण ती कधी केली ते तिला कळलंच नाही. खूण पाहून ती घाईने खोडरबराने घासू लागली. पेन्सिलीचा काळेपणा गेला, पण तिला पेन्सिल दाबून धरायची खोड होती, कागदावर खोबण राहिली. कागद तिरपा धरला की ती दिसत होती. तेवढ्यात यंत्रं सुरू झाली आणि शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, काय गं, पोरीचा फोटो बघतेस वाटतं. ओर्नेल्लाने हो म्हटलं. फोटो फाइलच्या पहिल्या पानाला टाचलेला होता. येइमी. सहा वर्षांची. पिवळा स्वेटर, वरचे दोन दात पडलेले, नजर कॅमेऱ्याकडे नाही, त्याच्या थोडी बाजूला, जसं काही तिथे कुणी उभं होतं.

घरी जाताना ट्राममध्ये तिला बसायला जागा मिळाली, पण ती उभीच राहिली. चौदा रविवार म्हणजे सव्वातीन महिने. सव्वातीन महिने दर रविवारी एक बाई कुठूनतरी निघते, बसमधून येते, अनाथालयाच्या फाटकाशी उभी राहते, आत जाते, मुलीला मांडीवर घेते, संध्याकाळी एकटी परत जाते. असं चौदा वेळा करणारं माणूस पंधराव्या वेळी का करत नाही? कामावरची सुट्टी बदलली असेल. आजारी पडली असेल. नवा पुरुष भेटला असेल, तो नको म्हणाला असेल. कंटाळली असेल. या शेवटच्या शब्दाशी ओर्नेल्ला थांबली, कारण तो तिला हवाहवासा वाटला. कंटाळली असेल तर सगळं ठीक होतं. आणि तो हवासा वाटला हे लक्षात येताच ती स्टॉप यायच्या आधीच दाराकडे सरकली.

कारण कंटाळा तिला माहीत होता. ती आठ वर्षांची असताना तिच्या वडिलांची एक आत्या होती, देल्फीना, किएरी गावच्या ख्रिस्ती जोगिणींच्या वृद्धाश्रमात ठेवलेली. दर रविवारी दुपारी वडील तिला तिथे घेऊन जात. उकडलेल्या कोबीचा वास असलेल्या त्या खोलीत देल्फीनाआत्या संत्र्याच्या फोडींवरचे पांढरे दोरे एकेक करून काढायची आणि नागडी झालेली फोड तिच्या हातावर ठेवायची. मग त्या वसंतात वडिलांनी गाडी घेतली. पहिल्या रविवारी गाडी समुद्राकडे नेली, दुसऱ्या रविवारी डोंगराकडे, तिसऱ्या रविवारी पुन्हा समुद्राकडे. आत्याकडे जायचं नाही असं कुणी ठरवलं नाही. कुणी तिचं नावही काढलं नाही. पाठीमागच्या सीटवर बसलेल्या ओर्नेल्लाला एकदा विचारावंसं वाटलं होतं, पण समुद्रावर आइस्क्रीम मिळायचं. पुढल्या हिवाळ्यात आत्या वारली, तेव्हा जोगीण वडिलांना म्हणाली होती की रविवारी त्या केस विंचरून बसायच्या. माणसं अशीच थांबतात. काही घडत नाही आणि ती थांबतात. हे तिला आतून ठाऊक होतं, आणि आज पहिल्यांदाच तिला त्याचा आधार वाटत होता. त्या आधाराचीच तिला भीती वाटली.

इवानो लवकर घरी आला होता. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर इमारतींच्या पोटातल्या विहिरींत लोंबकळून आलेला माणूस घरी आल्यावर एरवी खुर्चीत कोसळायचा, पण गेल्या महिन्यापासून तो आल्याआल्या मागच्या खोलीत शिरायचा. भिंती रंगवून झाल्या होत्या. पलंग जोडून झाला होता. नोव्हेंबरच्या नऊ तारखेची विमानाची तिकिटं फ्रीजवर चुंबकाने लावलेली होती. खालच्या मजल्यावर राहणारी त्याची आई, पिएरा, रोज एकदा वर येऊन खोली बघून जायची आणि जाताना काहीतरी बोलायची. आमच्या वेळी पोरं व्हायला अर्ज करावा लागत नव्हता, हे तिचं नेहमीचं. येइमी हे नाव तिला पसंत नव्हतं. ती म्हणाली होती, मी आपली जेम्मा म्हणणार, बदलायचं तर तुम्ही लोक कागदावर बदला किंवा नका बदलू. पण मोजे तिने सहा जोड विणले होते, वेगवेगळ्या मापांचे, कारण पाय केवढा ते कुणालाच माहीत नव्हतं.

ओर्नेल्लाने कोटही न काढता इवानोला ती ओळ दाखवली. त्याने वाचली, कागद परत केला आणि स्वयंपाकघरात जाऊन हात धुऊ लागला. खूप वेळ धूत राहिला.

"कुणाला दाखवलंस का हे?" त्याने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"नाही."

"मग नको दाखवूस."

तो नंतर पुष्कळ बोलला, आणि जे बोलला त्यातलं काही खोटं नव्हतं. तिथल्या न्यायाधीशाने सगळं तपासूनच मूल दत्तक द्यायला मोकळं केलं असणार. ती बाई कुठे आहे, आहे का, कुणाला ठाऊक. आपण एक प्रश्न विचारायचा आणि त्यांनी फाइल पुन्हा फडताळात टाकायची, की पोरगी तिथल्या अनाथालयात आणखी दोन वर्षं पडून राहणार, आठ वर्षांची होणार, मग तिला कोण नेणार. पाच वर्षं डॉक्टरांकडे गेली, चार वर्षं बाल न्यायालय, मानसशास्त्रज्ञ, घर बघायला येणाऱ्या बाया. आता काय खुसपट काढायचं. शेवटी तो म्हणाला, ती आली नाही, आपण जातोय, एवढंच खरं आहे. ओर्नेल्लाने मान हलवली. तिला भांडायचं नव्हतंच. तो बरोबर आहे असं कुणीतरी आपल्याला पटवून द्यावं, याचसाठी तर तिने त्याला कागद दाखवला होता.

पुढचे दहा दिवस तिला ती बाई सगळीकडे दिसू लागली. तिचा चेहरा माहीत नव्हता, म्हणून ती कुठल्याही चेहऱ्यात बसायची. बाजारात मक्याची कणसं उलटीपालटी करून बघणारी एक ठेंगणी बाई. ट्राममध्ये झोपलेली, पर्स पोटाशी धरलेली, दक्षिण अमेरिकेकडची कुणी आया. दारावरची घंटा वाजली की ओर्नेल्ला आधी दाराच्या भोकातून बघायची. पोस्टमन असायचा, नाहीतर खालची पिएरा. मानसशास्त्रज्ञाने मुलाखतीत विचारलं होतं, तुम्हाला सगळ्यांत जास्त भीती कशाची वाटते. तेव्हा तिने सांगितलं होतं, मुलीने आपल्याला स्वीकारलं नाही तर, याची. ते उत्तर सगळेच देतात हे तिला नंतर कळलं होतं. आता कुणी विचारलं असतं तर तिने सांगितलं असतं: मुलीने मला स्वीकारलं तर, याची. ती मला मम्मा म्हणेल, रात्रीचा ताप माझ्या हाताला कळेल, शाळेच्या दारात ती माझ्याकडे धावत येईल, आणि मला प्रत्येक वेळी ऐकू येईल की कुठेतरी एक फाटक वाजतं आहे. आणि मग ती सोळा वर्षांची होईल. स्पॅनिश शिकेल, ही मुलं शिकतातच. एक दिवस कपाटातून फाइल काढेल, सातव्या पानावर येईल, कागद उजेडाकडे तिरपा धरेल. खोबण बघेल. तिला कळेल की हिने वाचलं होतं, खूण केली होती आणि खोडली होती. तेव्हा आपण काय सांगणार? समुद्रावर आइस्क्रीम मिळायचं, हे?

अकराव्या दिवशी तिने छापखान्यातून दत्तक संस्थेच्या कल्लेगारीबाईंना फोन केला. कल्लेगारीबाईंचा आवाज नेहमी स्वच्छ आणि उबदार असायचा, तोही त्या दिवशी थोडा थांबून आला. गोषवारा करताना शब्द इकडचे तिकडे होतात, त्या म्हणाल्या. दत्तकाचा हुकूम पक्का आहे. मग आवाज खाली आणून त्यांनी समजावलं की फोनवर विचारलेला प्रश्न हा फोनवरचाच असतो, पण लेखी पाठवलात तर मला तो पुढे पाठवावाच लागेल, आणि पुढे तो कुठे जाऊन थांबेल ते माझ्या हातात नाही. नीट विचार करा. ओर्नेल्लाने फोन ठेवला तेव्हा तिच्या हातात कसल्यातरी गोळ्यांचं पत्रक होतं. दुष्परिणामांच्या यादीत एक शब्द दोनदा आला होता. तिने तो तसाच जाऊ दिला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा.

शनिवारी सकाळी तिने पोस्टात जाऊन संस्थेच्या नावाने रजिस्टर पत्र टाकलं. पत्र पाच ओळींचं होतं. खिडकीतल्या माणसाने शिक्का मारला तेव्हा तिला वाटलं, हात आत घालून ते ओढून घ्यावं. पावती घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसून राहिली. दुपारी इवानो मागच्या खोलीत पडद्याचा दांडा बसवत होता. शिडीवर उभा, दातांत स्क्रू धरलेले. तिने दारात उभं राहून सांगितलं. त्याने ड्रिल थांबवलं, एकेक करून स्क्रू तोंडातून काढले आणि शर्टाच्या खिशात टाकले.

"तू आपल्या पोरीला परत पाठवलंस," तो म्हणाला.

"इवानो, ती अजून आपली झालेली नाही."

"तुझी नसेल."

तो शिडी तशीच ठेवून खाली आईकडे गेला. त्या आठवड्यात तो जेवायलाही तिकडेच होता, वर यायचा तो फक्त कपडे बदलायला आणि झोपायला. एका बाजूला लोंबणारा तो दांडा कुणी सरळ केला नाही. ओर्नेल्ला त्या खोलीचं दार लावून घ्यायची आणि थोड्या वेळाने पुन्हा उघडायची. बंद दारामागे कुणीतरी आहे असं तिला वाटायचं. आपण चांगलं काम केलं असं तिला एकदाही वाटलं नाही. वाटायचं ते एवढंच, की एका पोरीच्या पायांखालून आपण फळी काढून घेतली आहे आणि ती अजून पडलेली नाही, एवढंच. उत्तर आलं की ती बाई मेली, किंवा ती म्हणते नको मला पोर, तर ही फळी आपण उगाच काढली. आणि उत्तर दुसरं आलं तर? तिथे तिचं मन जायचंच नाही, तिथल्या कडेवरून परत यायचं.

गुरुवारी पिएरा वर आली. कोट घालूनच स्वयंपाकघरात बसली, म्हणजे फार बसायची नव्हती. ओर्नेल्ला भांडणाची वाट बघत कॉफी करू लागली. सोळा वर्षांत ती या बाईला सासूच्या नात्याने कधी हाक मारू शकली नव्हती, पिएराच म्हणत आली होती, आणि पिएराने कधी तक्रार केली नव्हती, फक्त लक्षात ठेवलं होतं. पण पिएरा भांडली नाही. ती लढाईच्या दिवसांबद्दल बोलू लागली, जे ती कधी बोलत नसे. शहरावर बाँब पडत होते म्हणून तिला नऊ वर्षांची असताना डोंगराकडच्या एका शेतावर परक्यांकडे पाठवलं होतं. दोन हिवाळे ती तिथे राहिली. त्या लोकांना मूलबाळ नव्हतं. शेतकरीण तिला आपल्या कुशीत घेऊन झोपायची, पहिली साय तिला द्यायची. लढाई संपली आणि आई चालत तिला न्यायला आली, तेव्हा पिएरा शेतकरणीच्या झग्यामागे लपली.

"आईने मला हाताला धरून ओढत नेलं. मी महिनाभर तिच्याशी बोलले नाही," पिएरा म्हणाली.

"आणि मग?"

"मग काय. आई होती ती." तिने कॉफीचा कप उचलला आणि न पिताच ठेवला. "ती दुसरी मात्र रस्त्यापर्यंत आमच्या मागे मागे आली. काही बोलली नाही. मी वळून बघितलंसुद्धा नाही. तू इवानोला आज वर बोलाव जेवायला, मला दोघांचं रांधायचा कंटाळा आलाय."

ओर्नेल्लाने त्याला बोलावलं आणि तो आला. त्याने सूप प्यायलं, पाव कुस्करला आणि उठताना म्हणाला की तिकिटांची तारीख बदलावी लागेल बहुतेक. तिला त्याच्या खांद्याला हात लावायचा होता, पण तो हात झटकेल अशी भीती वाटली, म्हणून तिने त्याची थाळी उचलली.

संस्थेतून बोलावणं आलं ते ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात, पुन्हा एका गुरुवारी, सकाळी दहाला. कल्लेगारीबाईंच्या टेबलावर न्यायालयाचं पत्र होतं आणि या वेळी गोषवारा नव्हता. बाई स्वतःच ओळीवर बोट ठेवून वाचून, थांबून, सांगत गेल्या. अनाथालय त्या महिन्यात नदीपलीकडे नव्या इमारतीत हललं होतं. जुन्या फाटकावर तशी नोटीस लावली होती. त्या बाईला वाचता येत नाही. पंधराव्या रविवारी ती आली होती. सोळाव्या आणि सतराव्याही. समोरच्या बेकरीवाल्याला ती नीट आठवते, कारण ती बंद फाटकाच्या पायरीवर दुपारभर बसून राहायची आणि त्याने एकदा तिला पाणी दिलं होतं. त्याला वाटलं, तिला माहीत असेल. मग ती कचेरीत गेली, तिथे तिच्याकडे मुलीचा दाखला मागितला, जो अनाथालयातच होता. ती राहते कुठे? जिथे राहत होती तिथेच. फुलांच्या मळ्यावर, शेडमध्ये फुलांच्या जुड्या बांधते. फाइलमध्ये तो पत्ता होता. तिला शोधायला आता फक्त नऊ दिवस लागले; तोवर कुणी शोधलंच नव्हतं.

खालच्या बाजारातून फळांची खोकी आपटल्याचे आवाज येत होते. ओर्नेल्लाला वाटलं होतं की या क्षणी आपण रडू, किंवा सुटल्यासारखं वाटेल. पण तिला फक्त ती पायरी दिसत होती. आणि इवानोकडे बघायचं धाडस होत नव्हतं.

कल्लेगारीबाईंनी मग दोन कागद पुढे सरकवले. न्यायाधीशाने हुकूम थांबवला आहे, त्या म्हणाल्या. येत्या रविवारपासून आईच्या भेटी पुन्हा सुरू होतील. सहा महिने बघतील आणि मग ठरवतील. तोवर तुम्हाला दोन वाटा आहेत. एक, तुमचं नाव या मुलीच्या फाइलला राखीव म्हणून राहू द्यायचं. आई टिकली नाही, भेटी चुकल्या, घर नीट नाही असं दिसलं, तर मुलगी तुम्हालाच मिळेल. अशा बायांचं, आवाज हलका करून त्या म्हणाल्या, पुष्कळदा टिकत नाही. दुसरी वाट, नाव काढून घ्यायचं आणि यादीत पुन्हा शेवटी जाऊन उभं राहायचं. वेळ पडलीच तर मुलीला दुसरं घर मिळेल, त्याची काळजी नको, सहा वर्षांच्या मुलीसाठी थांबणारे आहेत.

ओर्नेल्लाने पहिल्या कागदाकडे पाहिलं आणि तिला पुढचे सव्वीस रविवार एकदम दिसले. सकाळी उठायचं, कॉफी करायची आणि आशा करायची. आज तिची बस चुकू दे. आज तिला ताप येऊ दे. मागच्या खोलीतल्या पलंगावर बसून हे दोघांनी मिळून, एकमेकांना न सांगता, मनात म्हणायचं. आजवर वाटलेल्या सगळ्या भीतींहून ही भीती वेगळी होती, कारण तिला माहीत होतं की आपण ते म्हणू. ती म्हणणारी बाई आत तयार बसली होती, केस विंचरून. पण हे इवानोला कसं सांगायचं? त्याची पोरगी तिने एकदा पाच ओळींत घालवली होती. दुसऱ्यांदा तोंड उघडायचा हक्क तिला वाटेना. तिने दोन्ही हात मांडीवर दाबून धरले आणि तो पहिला कागद ओढेल याची वाट बघत राहिली.

"त्या बाईचं नाव काय?" इवानोने विचारलं.

कल्लेगारीबाईंनी फाइल चाळली. एक पान, दुसरं पान. सगळीकडे जन्मदात्री एवढंच होतं. शेवटी न्यायालयाच्या पत्रात तळाशी सापडलं.

"नेल्सी. नेल्सी मार्लेनी."

इवानोने ते नाव हळू उच्चारून बघितलं. मग त्याने हात पुढे केला आणि दुसरा कागद घेतला. कुठे सही करायची ते त्याने विचारलं नाही, शोधून काढलं. त्याची सही नेहमी झरझर व्हायची. त्या दिवशी त्याने एकेक अक्षर लिहिलं, आणि पेन तिच्यासमोर ठेवलं. तिने सही केली. ते अक्षर तिला तिचं वाटलं नाही. कल्लेगारीबाई म्हणाल्या की घाई नव्हती, विचार करून सांगितलं असतं तरी चाललं असतं. दोघांनी कोट घेतले.

दारासमोरच लिफ्ट होती, पण इवानो जिन्याकडे वळला. पहिल्या वळणावर तो कठडा धरून थांबला, तोंड भिंतीकडे. ती एक पायरी वर थांबली. खाली कुणीतरी दार आपटून बाहेर गेलं आणि जिना पुन्हा शांत झाला. तिने त्याच्या पाठीवर हात ठेवला. त्याने तो झटकला नाही. कोटाच्या जाड कापडाखाली त्याचा श्वास तुटक तुटक वर येत होता, खाली जात होता.

"आज गुरुवार ना?" तो म्हणाला.

"हो."

"म्हणजे अजून तीन दिवस." मग तो वळला आणि खालच्या पायरीवरून तिच्याकडे बघत, घाबरलेल्या माणसासारखं त्याने विचारलं, "ती येईल ना गं?"